वांग आणि मलम

अग्रलेखाची जागा सामान्यतः राज्यकारभाराच्या प्रश्नांची. आज ती आम्ही चेहऱ्यावरच्या एका काळसर डागाला देत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या डागापायी सुशिक्षित स्त्रियाही लग्नकार्यात चारचौघींत मिसळायला संकोचतात, आणि जो घालविण्याच्या नादात औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम आणून चेहरा कायमचा बिघडवून घेतात, तो प्रश्न केवळ प्रसाधनाचा राहत नाही; तो लोकारोग्याचा होतो. आपण ज्याला वांग म्हणतो आणि आधुनिक वैद्यक ज्याला 'मेलाझ्मा' म्हणते, त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे म्हणूनच आम्हांस अगत्याचे वाटते.

हा विकार नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तो 'व्यंग' या नावाने आला आहे. तोंडावर उठणारा, न दुखणारा, पातळ आणि काळसर डाग, हे तेथील वर्णन आजही लागू पडते. बदलले आहे ते कारणांचे ज्ञान. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात, आणि उन्हापासून त्वचेचे रक्षण करणे हे त्या द्रव्याचे काम. वांगामध्ये या पेशी गरजेपेक्षा अधिक रंग करू लागतात आणि तो गालांवर, कपाळावर, नाकावर व वरच्या ओठावर साठतो. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंस तो बहुधा सारखाच उमटतो. यास तीन कारणे मुख्य: ऊन, स्त्रीशरीरातील संप्रेरके आणि आनुवंशिकता. गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना अनेक स्त्रियांना वांग येतो, तो यामुळेच. पुरुष त्यातून सुटलेले नाहीत. मात्र त्यांच्यात त्याचे प्रमाण बरेच कमी.

तेव्हा 'रक्त अशुद्ध आहे', 'पोट साफ नाही', 'बाळंतपणात पथ्य पाळले नाही' असे जे टोमणे घराघरांतून सुनांना ऐकावे लागतात, त्यांना आधार नाही. आमच्या किनारपट्टीवर तर ऊन हे रोजच्या जगण्याचाच भाग आहे. लावणीला वाकलेली शेतकरीण, बाजारात उघड्यावर बसणारी मासेविक्रेती आणि स्कूटरवरून कचेरी गाठणारी कारकून मुलगी, तिघींच्या चेहऱ्यावर तेच ऊन पडते. ढगाळ दिवशीही अतिनील किरण पोचतातच, आणि त्यांतले काही खिडकीच्या काचेतूनही आत येतात. वांगाला डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा पोषक ठरतो, हे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे.

परंतु प्रत्येक काळा डाग वांग नसतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कृत्रिम रंगांचे हलके कुंकू लावल्याने कपाळावर त्याच जागी काळेपणा येतो. केसांचा कलप न मानवल्यास कपाळ आणि कानशिले काळवंडतात. उजळपणासाठी लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजून तपकिरी डाग राहतात. मानेवर व काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी दिसू लागली, तर ती पुष्कळदा स्थूलपणाची आणि मधुमेहाकडे झुकणाऱ्या प्रकृतीची खूण असते. तेथे मलम नव्हे, रक्ततपासणी हवी. म्हणून आधी निदान, मग औषध, हा क्रम कोणीही मोडू नये.

दुर्दैवाने आपल्याकडे नेमका तोच मोडला जातो. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या दोघा अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड या तीन औषधांचे एक मिश्रण जगापुढे मांडले. त्याचे सौम्य केलेले रूप आजही डॉक्टर वांगावर देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. आमच्याकडे मात्र हे तिहेरी मलम शेजारणीच्या शिफारशीवर वर्षानुवर्षे तोंडाला फासले जाते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, आणि घात होतो तो तेथेच. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे उठतात, नको तेथे लव वाढते. आणि मलम थांबवावे तर चेहऱ्याची अशी आग होते की ती बाई पुन्हा त्याच नळीकडे वळते. हायड्रोक्विनोनचा दीर्घकाळ अतिरेक झाल्यास तर निळसर काळे डाग पडतात, आणि ते घालविणे मूळ वांगाहून कठीण. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हाच.

याहून गंभीर धोका पाऱ्याचा. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरीत होते. पारा त्वचेतील रंगनिर्मिती रोखतो, पण त्वचेतूनच शरीरात शिरून मूत्रपिंडावर घाला घालतो. आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पाऱ्यावर कडक मर्यादा घातली आहे, तरी उत्पादकाचे नाव-गाव नसलेल्या डब्या विकल्या जातात त्या जातातच.

मग वांगावर उपाय नाही काय? आहे, पण तो संयमाचा आहे. पहिला उपाय छत्री, रुंद काठाची टोपी किंवा ओढणी. दुसरा, किमान ३० संरक्षणांकाचे ऊनरोधक मलम: चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे, आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. लोहाचे ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे मलम दृश्य प्रकाशही अडविते, म्हणून वांगासाठी ते अधिक चांगले. हे पथ्य पाळले नाही तर महागातले महाग औषधही वाया जाते. त्यापुढे ॲझेलाइक आम्ल, मर्यादित मुदतीचे हायड्रोक्विनोन किंवा ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या यांचा निर्णय त्वचातज्ज्ञाने घ्यावा. या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका संभवत असल्यामुळे त्या स्वतःहून घेणे सर्वथा वर्ज्य. गरोदर स्त्रियांनी तर ऊन टाळण्यापलीकडे सहसा काही करू नये. कित्येकींचा वांग प्रसूतीनंतर आपोआप फिका होतो. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि उन्हाळ्यात डाग परतूही शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगावे व रुग्णानेही ते ऐकून घ्यावे.

येथे शासनाचे कर्तव्य येते. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे 'अनुसूची एच'मध्ये घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्यांची विक्री बेकायदा ठरविली. कायदा झाला, प्रश्न अंमलबजावणीचा आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानांची तपासणी करावी आणि बाजारातील मलमांत पारा आहे काय हे पाहून त्याचे निष्कर्ष जाहीर करावेत. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे; त्या विद्येचा लाभ तालुक्यातालुक्यांतील आरोग्य केंद्रांपर्यंत पोचविणे अशक्य नाही.

पण सारे शासनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली तीही १९७५ सालीच, आणि २०२० साली तिने आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द काढून टाकला. आमच्या लग्नाच्या जाहिरातींतून तो अजून गेलेला नाही. सावळ्या विठ्ठलापुढे आणि काळ्या पाषाणाच्या देवापुढे हात जोडणाऱ्या समाजाने आपल्या लेकीसुनांची किंमत मात्र रंगावरून करावी, ही विसंगती आम्हांस बोचते. ज्या दिवशी घरातली वडीलधारी मंडळी मुलीला 'तोंडाला काहीतरी लाव' असे सांगण्याऐवजी 'उन्हातून जाताना छत्री घे आणि डॉक्टरला दाखव' असे सांगू लागतील, त्या दिवशी या मलमांचे निम्मे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.