पायरी, चढण आणि बोगदा

कसाऱ्याला लोकल संपते. पुढे नाशिकला जायचे तर स्टेशनाबाहेर काळी-पिवळी उभ्या असतात. सीटा भरल्या की गाडी घाटाला लागते आणि प्रवासी मोबाइलमध्ये डोके घालतात. त्यांच्या लेखी घाट म्हणजे मधली कटकट: पुढे कंटेनर, मागे कंटेनर, पावसाळा असेल तर वरून धुके. आपण ज्या वळणावरून जातो आहोत ते कोणी, कशासाठी असे काढले असेल, हा प्रश्न त्या गाडीत सहसा कोणाला पडत नाही.

हा रस्ता म्हणजे आग्रा रोड. मुंबईत त्याचे नाव लाल बहादूर शास्त्री मार्ग झाले, तरी घाटकोपर-भांडुपची जुनी माणसे अजून आग्रा रोडच म्हणतात. ठाणे, भिवंडी, शहापूर, खर्डी, कसारा करत तो थळ घाटाने, म्हणजेच कसारा घाटाने, सह्याद्री चढतो आणि नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर ओलांडून आग्र्याला पोहोचतो. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. त्यातला सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा कसाऱ्याचा घाट काही मिनिटांत पोटातून पार करतो. घाईच्या माणसाला नवी वाट मिळाली. त्यामुळे जुन्या घाटाकडे वारसा म्हणून पाहण्याची सवड प्रथमच मिळते आहे. मात्र त्यात नेमके काय पाहायचे, हे आधी ठरवायला हवे.

त्यासाठी सुरुवात कसाऱ्याच्या शहापूर तालुक्याला लागून असलेल्या मुरबाड तालुक्यातून करावी. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजकडे जाताना वैशाखरे लागते. तिथून नाणेघाटाची वाट वर जाते. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जाई. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात यज्ञ आणि दानांची यादी असून दान दिलेल्या गाई-घोड्यांचे आकडे आहेत. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते मोडतात. खिंडीतून वर आले की जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण दिसतो. ही वाट पायऱ्यांची, कारण ती पाय असलेल्यांसाठीच होती. पाठीवर गोणी घेतलेला बैल पायरी चढतो. चाक चढत नाही.

घाटवाटेत इंग्रजांनी केलेला खरा बदल हा चाकाचाच. त्यांना गाडी वर न्यायची होती, तोफेची आणि मालाची. बैलगाडीच्या घाटासाठी साधारण वीसास एक, म्हणजे वीस पावले पुढे गेल्यावर एक पाऊल वर, ही चढण सोयीची मानली जाई. ती सांभाळायची तर रस्ता सरळ जाऊ शकत नाही. तो डोंगराला बिलगतो, नाळेच्या तोंडापर्यंत आत शिरतो, परत बाहेर येतो आणि नागमोडी वळतो. आज ड्रायव्हर ज्या वळणांना शिव्या घालतो, ती बैलाच्या दमाच्या हिशोबाने आखलेली असत.

दुसरा हिशोब पावसाचा. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, आणि घाटरस्ता गाड्यांच्या वजनाने खचतो त्याहून जास्त पाण्याने खचतो. म्हणून रस्त्याचा उतार डोंगराकडे ठेवायचा, कडेचे पाणी आतल्या गटारात घ्यायचे आणि ठरावीक अंतरावर मोरीतून रस्त्याखालून दरीत सोडायचे. वरून जाणाऱ्याला मोरी दिसतच नाही. पण जुना घाट टिकला असेल तर तो मोऱ्यांवर टिकतो. त्या साफ ठेवायला बांधकाम खात्याचे मैलकुली असत. एकेका टप्प्याची राखण एकेका टोळीकडे. गटार उपसायचे, दरड हटवायची, खड्ड्यात मुरूम भरायचा.

आग्रा रोडच्या आयुष्यातली चार वर्षे वेगळी काढून सांगण्यासारखी आहेत. मुंबई-ठाणे रेल्वे 1853 मध्ये धावली. ती 1 जानेवारी 1861 रोजी कसाऱ्याला पोहोचली आणि डोंगरापाशी अडली. घाट चढून इगतपुरी गाठायला 1 जानेवारी 1865 उजाडला. नेमक्या याच काळात अमेरिकेत यादवी पेटली होती. तिथला कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाला हात घातला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. त्या तेजीत शेअर मांडणारे, बुडणारे, इमारती उठवणारे यांच्या गोष्टी मुंबईला पाठ आहेत. पण खानदेशचा कापूस कसाऱ्याच्या रुळांपर्यंत आणायचा तर मधला घाट उतरायचा होता, आणि तो उतरायला बैलगाडीच होती. तेजीची एक दोरी त्या काळात या घाटातल्या गाडीवानाच्या हातात होती.

मग रेल्वेही वर चढली. जड गाड्यांच्या मुख्य रेल्वेमार्गाला वीसास एक चढण झेपत नाही. थळ घाटात सदतिसास एक ही चढण ठेवली, तीही रेल्वेच्या मानाने भलतीच खडी. त्यासाठी बोगदे खोदले, दऱ्यांवर पूल टाकले आणि एके ठिकाणी गाडी थांबवून इंजिन उलट्या टोकाला जोडण्याचे स्थानक केले. उंटदरीच्या बाजूला उभे राहिले तर रस्ता आणि रेल्वे यांचे एकाच डोंगराला दिलेले दोन जबाब एका नजरेत येतात.

पायरी, बैलाची चढण, रुळांची चढण, मोटारीचा घाट आणि शेवटी बोगदा. वाट जसजशी सोपी होत गेली, तसतसा डोंगर प्रवाशाच्या नजरेतून उतरत गेला. नाणेघाटात त्याचा एकेक दगड पायाला लागतो. बोगद्यात डोंगर नावालाही दिसत नाही. दोन हजार वर्षांच्या या पाचही पायऱ्या दोन शेजारी तालुक्यांत आणि त्यांच्या घाटमाथ्यावर आहेत. मधला शहापूर-किन्हवली-सरळगाव-मुरबाड रस्ता त्यांना जोडतो. असे संग्रहालय बांधायला कोणालाही परवडणार नाही. इथे ते आयते आहे.

पण पर्यटन म्हटले की आपल्याकडे कठड्याला रंग, सेल्फीची जागा आणि मक्याची कणसे. माळशेजला काचेच्या स्कायवॉकची योजना गाजते आहे. दुसरीकडे पावसाळ्यात धबधब्यांवरची गर्दी आवरायला प्रशासनाला मनाई आदेश काढावे लागतात. गर्दी कमी पडते आहे अशी इथली तक्रार नाही. आलेल्या माणसाला पाण्याखाली उभे राहण्यापलीकडे काही दाखवले जात नाही, ही आहे.

दुसरा धोका बोरघाटाने दाखवला आहे. तिथला गाडीरस्ता 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला. त्याच वर्षीचा, पुढे अमृतांजन पूल या नावाने ओळखला गेलेला दगडी पूल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, पाडला गेला. वाहतुकीची अडचण खरी होती. पण किल्ला पाडताना जी हळहळ होते ती पूल पाडताना होत नाही, कारण रस्ता वापरायची वस्तू आहे असेच आपण धरून चालतो. जगाने ही समजूत केव्हाच मागे टाकली. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांच्या रस्त्यांचे जाळे सहा देशांच्या संयुक्त प्रस्तावातून 2014 मध्ये जागतिक वारसा ठरले, आणि त्यात रस्ताच वारसा आहे. मुंबईतही सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचे अंतर सांगणारे मैलाचे दगड फुटपाथखालून वर काढून जपले गेले.

शहापूर-मुरबाडला सुरुवात फार खर्चाची नाही. आधी यादी हवी: कोणती मोरी जुनी, कोणता कठडा घडीव दगडाचा, कुठला मैलाचा दगड डांबराखाली गेला. रुंदीकरणाच्या निविदेआधी ही यादी बांधकाम खात्याच्या टेबलावर असली पाहिजे. मग चालण्याचे छोटे टप्पे, तेही पाऊस ओसरल्यावर. जिथे जड वाहने धावतात तिथे माणसे उतरवायची नाहीत. जेवण, मुक्काम आणि वाट दाखवणे गावाकडे, ठाकर आणि कातकरी पाड्यांकडे. पौषात म्हसा यात्रेत बैलांचा बाजार भरतो. घाट ज्याच्या दमावर आखला, ते जनावर तिथे अजून दात पाहून विकत घेतले जाते. या वारशाची गोष्ट सांगायला ती जागाही घाटाइतकीच योग्य.

आणि माहिती सांगायला कोण? वर्षानुवर्षे त्याच टप्प्यावर राबलेल्या मैलकुलीला कोणती मोरी पहिल्या पावसात तुंबते, दरड कुठून सुटते हे पाठ असते. फलकावर मजकूर लिहिण्याआधी कोणीतरी त्याला सोबत घेऊन घाट पायी उतरावा, आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे खूण करावी.