दूध आटले नव्हते, काढले नव्हते!

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या चाळीतील एका सुनेला अवेळी कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून नऊ आठवडे बाकी होते. रात्री अकराला रिक्षा मिळेना. शेवटी तिचा नवरा, आक्का (म्हणजे तिची सासू) आणि आम्ही असे तिघे मिळून तिला दवाखान्यात घेऊन गेलो. पहाटे मुलगी झाली. वजन भरले सव्वा किलो! बाळाला लगेच काचेच्या पेटीत ठेवले, नाकातून नळी घातली. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर.

तिसरा दिवस उजाडला तरी आईला दूध म्हणून चार थेंबच येत होते. आणि मग सुरू झाली कुजबुज. "हिला दूधच नाही." "पहिल्यापासून अंगात जीव नव्हता." कोणी अंगारा आणून दिला, कोणी दृष्ट काढायला सांगितली. आक्का वाईट बाई नव्हे, पण तीही म्हणाली, "ताई, कोरडी आहे हो ही, लेकरू कसं जगायचं?" ती पोर भिंतीकडे तोंड करून रडत होती.

आम्ही स्वतःला शिकलेले समजतो. कचेरीत दोन तपे फायली हाताळल्या, वस्तीत शिबिरे घेतली. पण त्या दिवशी आम्ही काय केले? कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जाऊन दूध पावडरीचा डबा विकत घेतला आणि वॉर्डात नेला! तेथील वयस्कर सिस्टरने डबा पाहिला आणि विचारले, "डॉक्टरांनी लिहून दिलंय का?" आम्ही गप्प. ती म्हणाली, "डबा परत करा, आणि झाकणाची स्टीलची वाटी घेऊन या. तिचं दूध आटलेलं नाही. काढलंच नाही कुणी, म्हणून थांबलंय."

हे एक वाक्य आम्हाला पुष्कळ काही शिकवून गेले. तेच आज आमच्या माता-भगिनींपुढे, आणि विशेषतः सासवा व नवरोजींपुढे, मांडत आहोत.

दूध का येत नाही?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बाळाला साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधीचे बाळ अंगावर ओढून पिऊ शकत नाही. त्याला नळीने, पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे लागते.

आता दूध तयार होते कसे? बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दूध तयार करणारा व दूध बाहेर सोडणारा असे दोन रस रक्तात उतरतात. स्तन रिकामा झाला की नवे दूध बनते. भरलेला राहिला की शरीर समजते, 'गरज नाही', आणि काम मंदावते. मागणी तसा पुरवठा! बाळ पेटीत आहे, चोखत नाही, म्हणजे मागणीच गेलेली नाही. मग पुरवठा कुठून येणार? यात आईचा दोष नाही, तिच्या पायगुणाचा तर मुळीच नाही. बाळाच्या तोंडाचे काम काही आठवडे आईच्या हातांनी करायचे, एवढाच त्यावर उपाय.

हाताने दूध कसे काढावे?

बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या तासात किंवा निदान पहिल्या सहा तासांत सुरुवात करावी. सुरुवातीला पिवळसर चीक येतो, तोही थेंबथेंब. तो फेकू नका! तो थेंब म्हणजे बाळाची पहिली लसच आहे.

हात साबणाने धुवावेत. वाटी धुऊन उकळलेली असावी. जमल्यास बाळाजवळ बसावे. ते शक्य नसेल तर त्याचे दुपटे जवळ घ्यावे. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके स्तनावर ठेवून हलक्या हाताने चोळावे. मग अंगठा वर आणि दोन बोटे खाली, स्तनाग्राच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे, काळसर भागाच्या कडेशी ठेवावीत. आधी छातीकडे मागे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे दाबावीत आणि सोडावे. दाबा, सोडा, दाबा, सोडा. स्तनाग्र ओढू किंवा पिळू नये. दुखता कामा नये. पहिली दोन-चार मिनिटे काहीच आले नाही तरी थांबू नये. धार कमी झाली की बोटांची जागा बदलावी, मग दुसरी बाजू घ्यावी, पुन्हा पहिलीकडे यावे. अशी वीस ते तीस मिनिटे.

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध काढावे, आणि त्यातील एक वेळ रात्रीची असावी. दूध बनवणारा रस रात्री जास्त असतो, म्हणून रात्रीची वेळ चुकवू नये. हाताने किंवा पंपाने, दोन्ही चालते. पण पंप नाही म्हणून कुणी अडून बसू नये. हात फुकट आहेत.

वहीतला हिशोब

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. मदत काय करावी ते सुचेना, तेव्हा आम्ही एका दोनशे पानी वहीत रकाने आखून दिले: तारीख, वेळ, किती मिलिलिटर. तिसऱ्या दिवशीची बेरीज २० झाली. ती पोर हिरमुसली. तेव्हा सिस्टरनेच तिला दुसरा हिशोब सांगितला.

बाळाला पूर्ण दूध सुरू झाले की वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध लागते. म्हणजे १२०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला १८० मिलिलिटर. दर दोन तासांनी पाजायचे तर एका वेळेला १५ मिलिलिटर, म्हणजे अवघे तीन छोटे चमचे! आणि अगदी सुरुवातीला तर त्याहूनही फार कमी. आपल्या डोळ्यांपुढे भरलेला पेला असतो, म्हणून आईला वाटते 'मला दूधच नाही'. बाळाचे पोट केवढे आहे ते आधी पाहावे.

वहीत सहाव्या दिवशी ११० लिहिले गेले, दहाव्या दिवशी २८०, चौदाव्या दिवशी ४३०. बाळ आता कमी पिते म्हणून कमी काढू, असे मात्र करू नये. पहिल्या दोन आठवड्यांत जेवढा पुरवठा बांधला जातो, तोच पुढे बाळ वाढल्यावर उपयोगी पडतो. एखाद्या दिवशी आकडा खाली आला तर दिवसातून एक तास असा ठेवावा: दहा मिनिटे काढणे, दहा मिनिटे विसावा, पुन्हा दहा मिनिटे काढणे. दोन-चार दिवसांत फरक दिसू लागतो.

काढलेले दूध झाकून सावलीत चार तासांपर्यंत ठेवता येते. फ्रिजमध्ये दिवसभर राहते. मात्र बाळ दवाखान्यात असेल तर तेथील नियम पाळावा. ते गॅसवर तापवू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवावी.

छातीशी बाळ

डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीवर घ्यावे. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. दोन स्तनांच्या मध्ये उभे, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून, वरून ओढणीने बांधून. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात, एका गरीब दवाखान्यात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. गरिबांच्या अडचणीतून निघालेला हा उपाय आज जगाने स्वीकारला आहे. भारतासह पाच देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या लहान बाळांमध्ये मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसातून ८ ते २४ तास बाळ असे ठेवायला सांगते.

बाळाच्या स्पर्शाने आईचे दूधही वाढते. दूध काढून झाल्यावर रिकाम्या स्तनाशी बाळाला नुसते चाटू-चोखू द्यावे. त्यातून सवय लागते आणि मेंदूला निरोपही जातो. हे सारे डॉक्टर-सिस्टरच्या देखरेखीखाली.

आणि छाती बापालाही असते! या मुलीचा बाप सफाईचे कंत्राटी काम करतो. रात्रपाळी संपवून, आंघोळ करून तो सकाळी यायचा आणि लेकीला दोन तास छातीशी धरून बसायचा. तेवढ्यात तिची आई झोपून घ्यायची. पहिल्या दिवशी आजूबाजूचे हसले. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवाल्या बाईचा नवरा शर्टाची बटणे सोडून बसला!

खाण्यापिण्याचे काय?

अळिवाची खीर, मेथीचे-डिंकाचे लाडू, बाळंतशेपा हे आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. आवडत असेल तर जरूर खावे, अंगाला बळ येते. पण दूध न काढता नुसते लाडू खाऊन दूध वाढणार नाही. महागडी डबाबंद चूर्णे घेण्यासाठी कर्ज काढू नका. दोन वेळा पोटभर भाकरी-डाळ, पालेभाजी, अंडे, मासे किंवा मटण, आणि तहानेप्रमाणे पाणी, एवढे पुरे. दवाखान्यातील लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. दूध वाढवण्याच्या औषधी गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. काहींचा हृदयावर परिणाम होतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या वस्त्यांत बायका मिश्री लावतात. तंबाखूचे विष दुधात उतरते आणि दूधही कमी करते. मिश्री बंद! बाळाला मध, गुटी, साखरपाणीही बंद. अशा बाळाची आतडी कोवळी असते. वरच्या दुधाने आतडी सडण्याचा जीवघेणा आजार होण्याचा धोका वाढतो, आणि आईचे दूध त्यापासून राखण करते.

कधीकधी फार लहान बाळासाठी डॉक्टर आईच्या दुधातच एक पोषक पूड मिसळतात. तो आईच्या दुधाचा कमीपणा नव्हे. आणि प्रयत्न करूनही दूध अपुरे पडले तर? १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली. धारावीसारख्या कष्टकरी वस्तीतील बाळांना तिचा आधार मिळाला. दान करणाऱ्या मातांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. दूधपेढी आहे का, असे डॉक्टरांना विचारावे. मात्र शेजारणीचे दूध परस्पर पाजू नये.

हक्क मागून घ्या

सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि वाहन २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार मोफत आहेत. पावडर आणि बाटलीच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. आणि बाळंतपणाची रजा? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. कंत्राटी आहोत म्हणून गप्प बसू नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

धोक्याची लक्षणे

आईला ताप, स्तनावर लाल, गरम, दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दूध काढणे थांबवू नये. घरी आलेल्या बाळाचे पाय गार पडले, ते प्यायचे थांबले, श्वास धापेचा झाला, अंग पिवळे-निळे दिसले तर एक मिनिट न दवडता दवाखाना गाठावा. बाळाने दिवसाला सहा-आठ वेळा लघवी केली आणि वजन वाढत राहिले, तर दूध पुरते आहे असे समजावे.

आमच्या चाळीतील ती मुलगी पाच आठवड्यांनी १८०० ग्रॅमची होऊन घरी आली. त्याआधी आठवडाभर ती आईच्या अंगावर ओढून पिऊ लागली होती. ज्या दिवशी ती पहिल्यांदा प्यायली, त्या दिवशी वहीच्या रकान्यात आकडा नाही. तिच्या आईने तेथे फक्त 'प्याली' असे लिहिले आहे.

ती वही सध्या आमच्याकडे नाही. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत एक बाळ वेळेआधी जन्मले, तेव्हा आक्का स्वतः ती घेऊन गेली. सोबत स्टीलची झाकणाची वाटी होती. त्या घरातल्या सासूला ती म्हणाली, "बाई, पोरीला बोल लावू नको. तिला भाकरी दे, झोपू दे, आन्‌ हे कसं काढायचं ते मी दावते."

माता-भगिनींनो, यापेक्षा वेगळे प्रबोधन ते कोणते?

जय भीम!