फ्लॉरेन्स, मुलं आणि कोल्हापूरची छत्री

फ्लॉरेन्समध्ये मुलांना थोडंच दाखवावं, पण निवांत दाखवावं. आम्ही सकाळी शहराच्या कॅथेड्रलवरच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटावर चढलो. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. सासूबाई खाली चौकात थांबल्या. 1420 ते 1436 या काळात उभा राहिलेला हा घुमट दुहेरी आहे आणि वाट दोन कवचांमधून वर जाते. तिथे तिरप्या रचलेल्या विटा जवळून दिसतात. जमिनीपासून लाकडी आधार न उभारता तो बांधला गेला, त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.

दुपारी अकादेमिया संग्रहालयात मायकेलअँजेलोचा सतरा फुटी ‘डेव्हिड’ पाहिला. त्याच्या हातावरच्या शिरा लेक कितीतरी वेळ न्याहाळत होती.

संध्याकाळी कॅशिने उद्यान गाठलं. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी या शहरात वारले. वय अवघं वीस. याच उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथे छत्री उभारली गेली. आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. आम्ही कोल्हापूरचे, सासूबाईंनी हात जोडले.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने या छत्रीसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी.