काचेतले बुडबुडे

ऊस हे आपले वर्षाचे पीक. रोजचा बाजार मात्र दुधावर चालतो. त्यामुळे संकलन केंद्रावरचा बल्क कूलर रुसला, की घरोघर काळजी लागते.

मागल्या मे महिन्यात आम्ही ती भोगली. सकाळच्या धारेचे दूध वेळेत ४ अंशांवर येई. सांजेचे काही केल्या उतरेना. एकदा तर अख्खी टाकी नासली. नळीवरच्या काचेत बुडबुडे दिसत. मिस्त्री म्हणाला, "गॅस कमी पडलाय, भरावा लागतोय." भरला. पैसे गेले, बुडबुडे राहिले.

मग ध्यानात आले की सकाळी काच स्वच्छ असते. गॅस कमी असता, तर बुडबुडे सकाळीही दिसले असते!

आपल्या कारखान्यात एका बॉडीतला गरम रस पुढच्या कमी दाबाच्या बॉडीत शिरताच उसळून उकळतो. इथेही तेच. कंडेन्सरात गॅसचा द्रव होतो, पण तो उकळीच्या काठावरच असतो. दाब जरा घटला किंवा ऊन लागले, की वाटेतच त्याची वाफ होते. वाफ झडपेत घुसली, की द्रव पुरेसा पुढे जात नाही आणि दूध थंड करायला बळ उरत नाही. म्हणून द्रव उकळबिंदूच्या चार-पाच अंश खाली थंड ठेवायचा. यालाच सबकूलिंग म्हणतात.

यात फायदाही आहे. आर-२२ गॅस ४० अंशांवर द्रव होऊन शून्य अंशावर उकळत असेल, तर झडपेतून जाताना सुमारे पाव हिस्सा वाफ होऊन वाया जातो. तोच द्रव आधी ५ अंश थंड केला, तर दर किलोमागे गारवा शेकडा ४ ने वाढतो.

आमच्या केंद्रावर द्रवाची नळी तापलेल्या पत्र्याला लागून गेली होती. ती सावलीतून फिरवली, वर उष्णतारोधक वेष्टण घातले. बुडबुडे गेले; सांजेचे दूध उतरू लागले.

तेव्हा गॅस भरण्याआधी मिस्त्रीकडून दोन आकडे मागा: दाबाच्या मीटरवरून निघणारे उकळीचे तापमान आणि झडपेजवळ नळीचे प्रत्यक्ष तापमान. दोन्हींत फरकच नसेल, तर आधी ऊन, तुंबलेला फिल्टर आणि गळती तपासा. उगाच जादा गॅस भरू नका. द्रव कंडेन्सरात साचतो, दाब चढतो, विजेचे बिल फुगते.

दूध आपले, बिलही आपलेच. मग काचेत डोकावायला लाज कसली?