मध्यमवयीन स्त्रिया आणि रोजची जीवनसत्त्वाची गोळी : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात निवडीचा विचार

प्रस्तावना

सातारा व सांगली जिल्ह्यांतील औषधांच्या दुकानांत ‘ताकदीची गोळी’ या नावाने जी वस्तू मागितली जाते, तिला निश्चित असा घटक नाही. मागणारी स्त्री बहुधा चाळिशी ओलांडलेली असते. तक्रार असते ती अशक्तपणाची, चढ चढताना लागणाऱ्या धापेची, कंबरदुखीची किंवा हातापायांना येणाऱ्या मुंग्यांची. हातात पडते ती कधी बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल, कधी कॅल्शियमची गोळी, तर कधी वीस-पंचवीस घटकांची यादी छापलेली बाटली. पुणे-मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झालेल्या मुलामुलींनी पाठविलेल्या, ‘पन्नाशीपुढील स्त्रियांसाठी’ असे लिहिलेल्या बाटल्याही आता अनेक घरांत दिसतात. या वस्तू एकमेकींच्या जागी चालत नाहीत. बी-कॉम्प्लेक्समध्ये सामान्यतः लोह नसते, कॅल्शियमच्या गोळीत ब-१२ नसते, आणि परदेशी बाटलीत लोह बहुधा जाणीवपूर्वक वगळलेले असते. म्हणून कोणती गोळी चांगली, या प्रश्नाच्या आधी कोणत्या स्त्रीला कशाची उणीव आहे, हा प्रश्न येतो. प्रस्तुत लेखात या दोन जिल्ह्यांतील आहार व जीवनपद्धती लक्षात घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे.

नेमकी उणीव ओळखून उपाय करण्याचे एक ठळक उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गरीब वस्तीतील, विशेषतः कापड उद्योगातील गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका तीव्र रक्तक्षयाचे कारण त्या शोधत होत्या. यीस्टपासून केलेल्या मार्माइट या साध्या खाद्यपदार्थाने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. तो रक्तक्षय लोहाने बरा होणारा नव्हता. तसाच लोहाच्या अभावाने झालेला रक्तक्षय केवळ फॉलिक आम्लाने बरा होत नाही.

मध्यम वय कोणते मानावे?

बाटलीवरील ‘५० वर्षांपुढे’ हा शिक्का अमेरिकी गणितावर आधारलेला आहे. तेथे पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज १८ मिलिग्रॅम आणि पाळी गेल्यावर ८ मिलिग्रॅम लोह पुरेसे मानले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये भारतीय प्रौढ स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. आपल्या आहारात धान्याचा वाटा मोठा असल्याने त्यातील लोहाचा अल्प अंशच शरीरात शोषला जातो, हे या तफावतीचे मुख्य कारण होय.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. सरासरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जत किंवा माण तालुक्यातील ५१ वर्षांच्या एखाद्या स्त्रीची पाळी चालू असेल आणि तिला अधिक रक्तस्राव होत असेल, तर ‘पन्नाशीपुढील’ बाटली तिला जे सर्वांत आवश्यक तेच देणार नाही. याच्या उलट स्थिती ऊसतोड मजूर स्त्रियांत दिसते. दर हंगामात बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांच्या फडांवर येतात. या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशा स्त्रीची पाळी तिशी-पस्तिशीतच थांबते. बीजकोशही काढले असतील तर हाडांची झीज त्याच वेळी सुरू होते. वयाने ती तरुण असली तरी कॅल्शियमच्या दृष्टीने ती पन्नाशीच्या पुढे गेलेली असते. तात्पर्य, वयाचा आकडा पाहण्यापेक्षा पाळीची स्थिती पाहणे अधिक शास्त्रीय ठरते.

लोह : सर्वांत मोठी उणीव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयी स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते ५४.२ टक्के झाले. सिंचन, दूधसंघ व साखर कारखाने यांमुळे समृद्ध मानल्या जाणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रालाही या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्यावर भागवण्याची रीत कृष्णाकाठच्या बागायती गावांतूनही पुरती गेलेली नाही. मटणाच्या रश्शातील फोडी कोणाच्या ताटात जातात, हे सांगावयास नको.

भाकरी, हुलगा, मटकी, तांदुळजा, राजगिरा या परंपरागत अन्नात लोह आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट यांनी विकसित केलेले ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे १४ मिलिग्रॅम. माण-खटाव, आटपाडी, जत या बाजरीच्या पट्ट्यात हे वाण एखाद्या बाटलीपेक्षा मोलाचे ठरू शकते. मात्र जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाचे शोषण बरेच घटवतो, तर लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व ते वाढवते. चहा जेवणापासून तासभर दूर नेणे हा फुकटचा उपाय आहे. शेतावर तो पाळणे किती अवघड, हा भाग निराळा.

रक्तक्षय एकदा जडल्यावर बहुजीवनसत्त्वाच्या गोळीतील लोह सहसा अपुरे पडते. त्यासाठी स्वतंत्र लोहाची गोळी, काही महिने, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावी लागते. येथे सर्वांत गंभीर धोका निराळाच आहे. चाळिशीनंतर गाठी पडणारा, आठवड्याहून अधिक चालणारा रक्तस्राव ‘पाळी जाण्याच्या वेळी असे व्हायचेच’ म्हणून अंगावर काढला जातो आणि त्यावर ताकदीची गोळी चालू राहते. या रक्तस्रावामागे गर्भाशयातील गाठ असू शकते, क्वचित कर्करोगही. पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर तत्काळ तपासणी हवी. पाळी गेलेल्या स्त्रीच्या रक्तातील लोह कमी आढळले, तर जठर किंवा आतड्यातून रक्त जात नाही ना, हे पाहावे लागते. गोळीने थकवा थोडा कमी झाला, एवढ्यावर समाधान मानल्यास निदान लांबते.

ब-१२ जीवनसत्त्व

ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. माळकरी घराणी, एकादशी, चातुर्मास आणि आठवड्यातील उपवासाचे वार यांमुळे या भागातील अनेक स्त्रियांचा मांसाहार नाममात्र असतो. दूध हा त्यांचा मुख्य आधार. पाव लिटर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम ब-१२ मिळते आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे. दूध संकलन केंद्रावर जाते व घरात चहापुरते उरते, अशा घरी ही गरज भागत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी लोकांमध्ये केलेल्या अभ्यासांत ब-१२ ची कमतरता सुमारे दोनतृतीयांश व्यक्तींत आढळली. आहाराच्या दृष्टीने सातारा-सांगली या परिसरापासून फार दूर नाहीत.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता वाढते. आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारखी औषधे वर्षानुवर्षे घेतल्यानेही तसेच घडते. मधुमेह असलेल्या शाकाहारी स्त्रीच्या पायांना मुंग्या येत असतील, तर त्या केवळ ‘साखरेमुळे’ असे न मानता ब-१२ तपासून पाहणे योग्य.

फॉलिक आम्लाचा एक दुष्परिणाम येथे सांगणे आवश्यक आहे. बाजारात ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅमची, फॉलिक आम्लाची गोळी सहज मिळते. प्रौढांसाठी वरची मर्यादा १,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. ब-१२ ची कमतरता असताना मोठ्या मात्रेत फॉलिक आम्ल घेतल्यास रक्ताचा अहवाल सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून रोजच्या गोळीत फॉलिक आम्ल असेल, तर जोडीला पुरेसे ब-१२ आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व

पाळी गेल्यावर भारतीय स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. त्याआधी १,००० मिलिग्रॅमची. कोणतीही बहुजीवनसत्त्वाची गोळी एवढे कॅल्शियम देऊ शकत नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्केच असते. १,००० मिलिग्रॅमसाठी अडीच ग्रॅम भुकटी लागेल आणि तेवढी गोळी गिळता येणार नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी भागातील नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध, दही, ताक, तीळ यांची जोड दिल्यास बरीच गरज आहारातून भागते.

कॅल्शियमची गोळी निरुपद्रवी आहे, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या ३६,२८२ स्त्रियांवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व देण्यात आले. खुब्याचे अस्थिभंग लक्षणीय प्रमाणात घटले नाहीत. मूतखड्यांचे प्रमाण मात्र १७ टक्क्यांनी वाढले. त्या स्त्रियांच्या आहारात कॅल्शियम आधीच बरेच होते, तेव्हा हा निष्कर्ष येथील स्त्रियांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ज्या स्त्रीला मूतखड्याचा त्रास होऊन गेला आहे, तिने स्वतःहून ही गोळी सुरू करू नये.

ड जीवनसत्त्वाबाबत उन्हाचा दाखला दिला जातो. शेतात राबणाऱ्या स्त्रीला ऊन मिळते हे खरे. परंतु डोक्यावर पदर व साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच ती उसात उतरते. शहरी नोकरदार स्त्रीला तेवढेही ऊन मिळत नाही. कमतरता आढळल्यास डॉक्टर ६०,००० युनिटची मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा देतात. तीच गोळी रोजची समजून घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाते. आठवड्याचा वार पाकिटावर मराठीत लिहून देणारा दुकानदार या बाबतीत मोठेच काम करतो.

लेबल कसे वाचावे?

या गोळ्या बाजारात दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात. काही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली औषध म्हणून, तर काही अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली आरोग्यपूरक अन्न म्हणून. दुसऱ्या प्रकारावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो आणि ती वस्तू औषधी उपयोगासाठी नाही, अशी सूचना छापलेली असते. पूरक अन्न रोग बरा करत असल्याचा दावा कोणी करत असेल, तर त्याच बाटलीवरील सूचना त्याच्या विरोधात साक्ष देते.

आकडे वाचताना क्षाराचे वजन आणि मूळ खनिजाचे वजन यांत गल्लत होऊ देऊ नये. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. फेरस फ्युमरेटमध्ये लोह सुमारे एकतृतीयांश. ‘एलिमेंटल’ असा शब्द ज्या आकड्यापुढे असेल, तो आकडा धरावा. घटकांची संख्या अधिक म्हणून गोळी चांगली ठरत नाही. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील १९९४ च्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळीने फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. केस व नखांसाठीच्या गोळ्यांतील बायोटीन मोठ्या मात्रेत असल्यास थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीपूर्वी ती गोळी घेत असल्याचे प्रयोगशाळेस सांगावे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्या स्त्रीने लोह किंवा कॅल्शियम किमान चार तासांनी घ्यावे. लोह व कॅल्शियमही एका वेळी घेऊ नयेत. एक दुपारी, दुसरे रात्री, असा क्रम सोयीचा पडतो.

मग निरोगी, पुरेसा आहार घेणाऱ्या स्त्रीने रोजची गोळी घ्यावी काय? अमेरिकेतील ३ लाख ९० हजार प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदींचे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज बहुजीवनसत्त्व घेणाऱ्यांचे आयुर्मान त्यामुळे वाढल्याचे त्यात दिसले नाही. दूध, डाळ, भाजी आणि आठवड्यातून काही वेळा अंडी किंवा मासे ज्या ताटात येतात, तेथे हा खर्च टाळून तोच पैसा ताटावर खर्च करणे श्रेयस्कर. शाकाहारी व दूध कमी घेणाऱ्या स्त्रीला मात्र ब-१२ असलेली साधी गोळी उपयोगी पडते, आणि पाळी चालू असेल तर लोह असलेली.

शासकीय सोयी

‘अॅनिमियामुक्त भारत’ हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात २० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांसाठी आठवड्यातून एक लाल गोळी ठरविलेली आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ही गोळी उपकेंद्रातून किंवा आशा कार्यकर्तीकडून मिळते. प्रत्यक्षात तिच्याकडे गरोदर स्त्रियांची गोळी म्हणूनच पाहिले जाते, आणि पंचेचाळिशीतील स्त्री ती मागण्यास संकोचते. कार्यक्रमाच्या वयाची मर्यादा ४९ वर्षांवर संपते. पाळी चालू असलेली पन्नास वर्षांची स्त्री त्या यादीत बसत नाही. तिच्यासाठी मार्ग उरतो तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाचा. तिशीपुढील सर्वांसाठी मधुमेह व रक्तदाबाची तपासणी गावपातळीवर होते. त्याच भेटीत हिमोग्लोबिन मोजण्यास सांगता येते. १२ ग्रॅमपेक्षा कमी आकडा आल्यास, घरात साठलेल्या सर्व पट्ट्या व बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, म्हणजे कोणती गोळी थांबवायची हेही त्याच वेळी ठरते.