आपल्याच जागेसाठीं अर्ज

विलायतेंतील बँका, कचेऱ्या, नगरपालिका व इस्पितळें यांत गेल्या कित्येक वर्षांपासून एक चमत्कारिक प्रघात रूढ झाला आहे. बारा वर्षें एका टेबलाशीं निमूटपणें काम केलेल्या मनुष्यास एके दिवशीं पत्र येतें: खात्याची पुनर्रचना होणार असून हल्लींच्या दहा जागा रद्द होत आहेत, त्यांच्या ठिकाणीं सात जागा निर्माण होतील, ज्यांची इच्छा असेल त्यांनीं अमुक तारखेच्या आंत अर्ज करावे. मग ज्या वरिष्ठानें बारा वर्षें त्याचें काम पाहिलें तोच टेबलापलीकडे बसून, 'आपण या जागेस योग्य कां आहां?' असें विचारतो. मुंबई-पुण्याकडील पुष्कळ घरांतील मुलगे-मुली तिकडे नोकरीस असल्यामुळें ही वार्ता येथेंही येऊन पोंचते, आणि वडील मंडळी बहुधा दोहोंपैकीं एक सल्ला देतात: 'अपमान कशाला सोसतोस, राजीनामा दे,' किंवा 'मुकाट्यानें अर्ज कर, मालकाच्या मर्जीपुढें काय चालणार?' हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

अर्ज मागविला म्हणून जुनी नोकरी त्या क्षणीं संपत नाहीं. अर्जदार हा बाहेरचा उमेदवार नव्हे. रीतसर नोटीस मिळून तिची मुदत भरेपर्यंत तो पूर्वीच्याच कराराचा नोकर असतो. राजीनामा दिला कीं मात्र बहुतेक सारें हातचें जातें, कारण स्वतः निघून गेलेल्यास मालकानें काढलें असें सहसा म्हणतां येत नाहीं.

१९९६ सालचा एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड यांस लागू आहे. त्याप्रमाणें 'रिडन्डन्सी', म्हणजे जागा अनावश्यक ठरणें, ही कामाची स्थिति आहे, माणसाचा दोष नव्हे. धंदा किंवा कामाचें ठिकाण बंद होणें, अथवा विशिष्ट प्रकारचें काम करणाऱ्या माणसांची गरज संपणें वा कमी होणें, ह्या तिच्या खुणा. दारावरची पाटी बदलली, पण काम तेंच आणि तेवढ्याच माणसांचें राहिलें, तर ती रिडन्डन्सी नव्हे. म्हणून जुन्या जागेच्या कामाचें लेखी वर्णन आणि नव्या जागेचें वर्णन शेजारीं ठेवून वाचणें हें पहिलें काम. पुढील पुष्कळशा गोष्टी याच तुलनेवर अवलंबून असतात.

दहा सारख्या जागांच्या सात झाल्या व काम बदललें नाहीं, तर प्रश्न दहांतून तिघांस निवडण्याचा उरतो. अशा निवडीविषयीं १९८२ सालीं विल्यम्स विरुद्ध कॉम्पेअर मॅक्सम या खटल्यांत अपील-न्यायमंडळानें सांगितलेले दंडक अद्याप आधारभूत मानले जातात. शक्य तितकी आगाऊ सूचना द्यावी. कामगार-संघाशीं विचारविनिमय करावा. निवडीच्या कसोट्या केवळ निवडणाऱ्याच्या मतावर न ठेवतां हजेरी, कुशलता, अनुभव, सेवेचा काळ अशा पडताळून पाहतां येणाऱ्या असाव्या. आणि काढण्याऐवजीं दुसरें काम देतां येतें काय हें पाहावें.

जेथें खरोखरच नवी जागा निर्माण होते तेथें मात्र मालकाचा हात बराच मोकळा असतो. वेल्श रग्बी युनियनच्या खटल्यांत दोन जागा मोडून एक केली होती. पुढें कोण चांगलें काम करील हें मुलाखतीनें ठरविणें व त्यांत मालकानें आपली विवेकबुद्धि वापरणें अपील-न्यायमंडळानें २०११ सालीं गैर मानलें नाहीं. वागणूक वाजवी असली म्हणजे झालें. 'मला सर्व ओळखतात' अशा भरंवशावर तयारीवांचून जाणारा जुना, जाणता मनुष्य येथेंच फसतो. परीक्षक ओळखीचा असला तरी कोऱ्या उत्तरपत्रिकेस गुण मिळत नाहींत.

येथील वडील मंडळींच्या मनांत 'शेवटीं आला तो प्रथम जाईल' हा नियम घर करून बसलेला असतो. तो भारतीय कायद्याचा. १९५३ सालीं तो औद्योगिक कलह कायद्यांत घातला गेला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेंतही कामगारांपुरता सामान्यतः कायम आहे. विलायतेंत सेवेचा काळ ही अनेक कसोट्यांपैकीं एक, एवढेंच.

अर्ज न केल्यास भरपाई बुडते ही समजूतही खरी नाहीं. मालकानें योग्य अशी दुसरी नोकरी प्रत्यक्ष देऊं केली आणि ती वाजवी कारणावांचून नाकारली, तर कायद्यानें मिळणारी रक्कम जाते. अर्जाचें निमंत्रण म्हणजे नोकरी देऊं करणें नव्हे. निराळ्या अटींची नोकरी स्वीकारल्यास ती पारखण्यास चार आठवडे मिळतात. रकमेसाठीं दोन वर्षांची अखंड सेवा लागते. बावीस वर्षांच्या वयापूर्वींच्या प्रत्येक वर्षास अर्धा, बावीस ते चाळीसपर्यंत एक व त्यापुढें दीड आठवड्याचा पगार, असा हिशेब. सेवा वीसच वर्षें धरतात, व आठवड्याच्या पगारास मर्यादा असते. पंचेचाळिसाव्या वर्षीं बारा वर्षें भरलेल्यास चौदा आठवड्यांचा पगार येतो. तथापि अर्ज न करणाऱ्याचा अन्यायाचा दावा पुढें लंगडा पडण्याचा संभव असल्यामुळें, अर्ज करून त्यासोबत आपला आक्षेप लेखी नोंदविणें बरें.

एका ठिकाणचीं वीस किंवा अधिक माणसें नव्वद दिवसांत काढावयाचीं असतील तर पहिला मनुष्य काढण्यापूर्वीं निदान तीस दिवस, व शंभर किंवा अधिक असतील तर पंचेचाळीस दिवस, विचारविनिमय सुरू झाला पाहिजे. प्रसूतीच्या रजेवर असलेल्या स्त्रीची जागा गेली आणि योग्य अशी दुसरी रिकामी असली, तर तिला ती स्पर्धेवांचून देऊं करावी लागते. एप्रिल २०२४ पासून हें संरक्षण गरोदरपणास व रजेवरून परतल्यानंतरच्या काळासही, सामान्यतः अपत्यजन्मापासून अठरा महिन्यांपर्यंत, लाभलें आहे. पुष्कळ मालकांस ह्याची आठवण करून द्यावी लागते!

निवड न झाल्यास आपले गुण व मुलाखतीचीं टिपणें लेखी मागावीं आणि संस्थेंतच अपील करावें. न्यायमंडळाकडे जाण्यापूर्वीं 'अ‍ॅकास' या सलोखा-संस्थेस कळवावें लागतें. दाव्याची मुदत थोड्या महिन्यांचीच असून संस्थेंतील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती थांबत नाहीं.