पंच चुकला तरी त्याचाच निर्णय अंतिम का? गावाकडच्या मैदानावरचं पंच-खेळाडू नातं समजून घेऊया

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. भोरमध्ये तालुकास्तरीय शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू आहे. पावसाने मैदान चिखलाचं झालंय. गोलपोस्टसमोर झालेल्या गर्दीत चेंडू एका मुलाच्या हाताला लागतो आणि लगेच सात-आठ आवाज येतात, "सर, हँड! अहो सर, हँड होता!"

शिट्टी वाजत नाही, खेळ पुढे जातो. मग चार-पाच मुलं पंचांभोवती जमतात, बाहेरून पालक ओरडू लागतात. एका शाळेचे क्रीडाशिक्षक थेट मैदानात येतात. दहा मिनिटं यातच जातात आणि सामना संपल्यावर गोल कोणी केला यापेक्षा "पंच कोणाच्या बाजूचा होता" याचीच चर्चा जास्त होते.

गावाकडे कुठलाही खेळ बघितलेल्या माणसाला हे नवीन नाही. भोर आणि वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका, हा मुळात कुस्ती आणि कबड्डीचा पट्टा. फुटबॉल इथल्या मुलांपर्यंत प्रामुख्याने शाळेतून पोहोचतो. तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य अशी शालेय स्पर्धांची साखळी असते. वाद मात्र सगळ्याच खेळांत एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : पंच चुकला तर खेळाडूने काय करायचं?

आधी पंच कोण असतो ते बघू

टीव्हीवरच्या सामन्यात एक मुख्य पंच, दोन सहायक पंच, चौथा पंच आणि व्हीएआरचे कॅमेरे असतात. व्हीएआर फुटबॉलच्या नियमांत २०१८ मध्ये आलं.

तालुक्याच्या मैदानावर यातलं बरंचसं नसतं. शिट्टी बहुतेक वेळा कुठल्यातरी शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे असते. सहायक पंच मिळाले तर ठीक, नाहीतर कडेला कोणीतरी झेंडा घेऊन उभं राहतं. म्हणजे बावीस खेळाडूंवर दोन डोळे, आणि तेही एकाच कोनातून बघणारे.

दुसरी अडचण ओळखीची. पंच सर आणि संघाचे सर एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत असतात. कधी पंच यजमान शाळेचेच असतात. त्यामुळे निर्णय बरोबर असला तरी हरणाऱ्याला शंका येते. आणि शंका आली की नियमाचं पुस्तक कोणी उघडत नाही, गावाचं नाव काढलं जातं.

मैदानात पंच आला कसा?

गंमत म्हणजे सुरुवातीला फुटबॉलमध्ये आजच्यासारखा पंच नव्हता. इंग्लंडमध्ये आधी दोन्ही संघ आपापला एक पंच द्यायचे. खेळाडूंनी दाद मागितली तरच निर्णय व्हायचा. दोघांचं एकमत झालं नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला विचारायचे.

प्रत्येकाचा पंच आपल्याच संघाचा असेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. शेवटी १८९१ मध्ये त्या तिसऱ्या माणसाला मैदानात आणलं, सगळे अधिकार त्याला दिले आणि बाकीच्या दोघांना रेषेवर पाठवलं. थोडक्यात, वाद घालून खेळ पुढे सरकत नाही हे अनुभवातून कळल्यावर अंतिम निर्णयाचा अधिकार एकाच माणसाकडे गेला.

नियम नक्की काय सांगतो?

फुटबॉलच्या नियमांमधला पाचवा नियम पंचाबद्दल आहे. खेळात घडलेल्या घटनांबद्दल पंचाचा निर्णय अंतिम असतो, असं तो सांगतो. गोल झाला की नाही, हेही त्यात आलं.

पण 'अंतिम' याचा अर्थ 'दगडावरची रेघ' असा नाही. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंच आपला निर्णय बदलू शकतो. सहायक पंचाने काही सांगितलं किंवा स्वतःची चूक स्वतःच्या लक्षात आली, तर तेवढ्या वेळात दुरुस्ती होते. एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही. खेळाडूंचा आवाज कितीही मोठा असला तरी त्याला नियमात जागा नाही.

आता सुरुवातीच्या 'हँड'कडे येऊ. चेंडू हाताला लागला म्हणजे फाउल, असं बऱ्याच खेळाडूंना आणि जवळपास सगळ्या प्रेक्षकांना वाटतं. नियम तसा नाही. खेळाडूने मुद्दाम हात लावला का, किंवा हात पसरून अंगाचा आकार विनाकारण मोठा केला का, हे पंचाला बघायचं असतं. हात अंगालगत असताना चेंडू येऊन आदळला तर सहसा फाउल देत नाहीत. पण हाताला लागून चेंडू थेट गोलमध्ये गेला, तर चुकून लागला असला तरी गोल मिळत नाही. म्हणजे पुष्कळ भांडणं पंच चुकल्यामुळे होत नाहीत, बघणाऱ्याला नियम अर्धवट माहीत असल्यामुळे होतात.

मग खेळाडूने गप्पच बसायचं का?

नाही. पण कोणी, कधी आणि कसं बोलायचं हे ठरलेलं आहे.

शब्दाने किंवा हातवाऱ्याने पंचाच्या निर्णयाचा निषेध केला तर पिवळं कार्ड. शिवी किंवा अपमानकारक भाषा वापरली तर थेट लाल. कर्णधाराला नियमात वेगळे विशेषाधिकार नाहीत, मात्र संघाच्या वागण्याची काही जबाबदारी त्याच्यावर असते.

याच जबाबदारीचा उपयोग करून २०२४ च्या युरो स्पर्धेत एक पद्धत वापरली गेली : महत्त्वाच्या निर्णयाबद्दल पंचाशी फक्त कर्णधार बोलणार. बाकीचे लांब राहणार, आणि घेराव घातला तर कार्ड. कर्णधार गोलकीपर असेल तर बोलण्यासाठी दुसरा खेळाडू आधीच ठरवायचा. याला कॅमेरा लागत नाही, पैसे लागत नाहीत. टॉसच्या वेळी दोन्ही कर्णधारांना सांगितलं की काम झालं.

दुसरा उपाय तर आपल्याकडच्या कबड्डीप्रेमींना आधीपासून माहीत आहे. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद आणि पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. शिक्षा लगेच जाणवते, कारण तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी असतो. फुटबॉलमध्येही शालेय आणि हौशी पातळीवर, संघटनेची परवानगी असेल तर, खेळाडूला काही वेळ बाहेर बसवता येतं. इंग्लंडमध्ये ३१ लीगमध्ये याची चाचणी झाली तेव्हा पंचांशी हुज्जत घालण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. त्यानंतर २०१९-२० च्या हंगामापासून तिथल्या स्थानिक फुटबॉलमध्ये ही पद्धत लागू झाली.

तिसरा मार्ग लेखी हरकतीचा. स्पर्धा समितीकडे संघ ठरलेल्या मुदतीत तक्रार देऊ शकतो. पण कशाबद्दल, हे महत्त्वाचं. खेळाडूचं वय, कागदपत्रं, पात्रता यावर समिती निर्णय देऊ शकते. 'तो हँड होता' हे समिती ठरवू शकत नाही.

हे सगळं मोडलं तर काय होतं?

फार लांब जायला नको. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. गादीवर शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. दोघेही पुणे जिल्ह्याचे. त्यातला मोहोळ तर वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीतल्या मुठा गावचा. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी घोषित केलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं होतं आणि त्याने व्हिडिओ बघण्याची मागणी केली. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. कुस्तीगीर संघाने त्याच्यावर तीन वर्षांच्या निलंबनाची घोषणा केली.

पंचांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर लोक नंतरही वाद घालत राहिले. पण लाथ मारल्यानंतर राक्षेच्या तक्रारीतला मुद्दा मागे पडला आणि लाथच पुढे आली. खेळाडूचं खरं नुकसान इथे होतं. त्याचं म्हणणं खरं असण्याची शक्यता असली तरी ते ऐकून घेणारं कोणी उरत नाही.

फुटबॉलमध्ये याहून वाईट घडलंय. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे मुलांच्या हौशी सामन्यानंतर रेषेवरचे पंच रिचर्ड न्यूवेनहाउझेन यांना मारहाण झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते त्या सामन्यात स्वयंसेवक म्हणून झेंडा धरत होते. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी त्या देशातले सगळे हौशी फुटबॉल सामने रद्द करण्यात आले. पुढे काही किशोरवयीन खेळाडू आणि एका खेळाडूचे वडील दोषी ठरले.

आपल्याकडे स्थानिक फुटबॉलची ईर्षा बघायची तर कोल्हापूरला जावं लागतं. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे पेठा-तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पोलीस बंदोबस्त लागतो. संघ म्हणजे पेठेची अब्रू झाली की पंचाची एक शिट्टी हजारो लोकांना आपल्यावरचा अन्याय वाटू शकते.

पंचांची जबाबदारी नाही का?

आहे, आणि मोठी आहे. शालेय सामन्यात पंच 'सर' असतात आणि खेळाडू चौदा-पंधरा वर्षांची पोरं. ती विचारायलाही घाबरतात, किंवा सगळा राग एकदम बाहेर काढतात. "गप्प बस, मला शिकवतोस का?" या उत्तराने वाद मिटत नाही. "हात अंगाला चिकटलेला होता, म्हणून दिला नाही," या एका वाक्याने बऱ्याचदा मिटतो.

आयोजकांनाही तीन गोष्टी सहज करता येतील. ज्या शाळेचा सामना आहे तिथले शिक्षक पंच नकोत. भोरच्या सामन्याला वेल्ह्याचे आणि वेल्ह्याच्या सामन्याला भोरचे पंच, एवढी अदलाबदलही पुरे. सामन्याआधी पाच मिनिटं दोन्ही संघांना हँड, ऑफसाइड आणि कार्डांचे नियम सांगावेत. आणि पालकांना रेषेपासून लांब उभं करावं.

कारण तालुक्यात शिट्टी घ्यायला तयार असणारी माणसं मोजकीच आहेत. मिळणारं मानधन थोडं आणि ऐकून घ्याव्या लागणाऱ्या शिव्या जास्त, असं झालं तर पुढच्या वर्षी ते सर "मला वेळ नाही" म्हणतील. मग मैदान असेल, पोरं असतील, चेंडूही असेल, पण सामना लावायला पंच मिळणार नाही.